आजोबांच्या वहीतला 'ऐनजिनसी': अर्थ काय, आला कुठून?

माणकाठ

नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात माण तालुक्यातलं आमचं जुनं घर रिकामं केलं. माळ्यावरच्या ट्रंकेत आजोबांच्या दुकानाच्या तीन वह्या निघाल्या. लाल कापडाची बांधणी, आडव्या, वरच्या बाजूनं शिवलेल्या. आजोबांचं किराणाचं दुकान होतं. वही १९५४ सालची आहे. मजकूर अर्धा मोडीत, अर्धा बाळबोध. बाळबोध मला लागतो, मोडी अडखळत लागते.

एका पानावर असं आहे:

"मीठ २ शेर, काडेपेटी २, गूळ १ शेर. ऐनजिनसी. बाजरी १ पायली आली."

आणि त्याच्याच खाली:

"चहापूड, गोडेतेल. नक्त."

'नक्त' म्हणजे रोख असणार, हे संदर्भावरून कळतं. 'ऐनजिनसी' म्हणजे धान्य देऊन घेतलेला माल, असा मी अर्थ लावला. सातवीतल्या मुलीला दाखवलं, तर ती म्हणाली, "हे तर आमच्या पुस्तकातलं वस्तुविनिमय." आजोबांच्या तोंडी 'वस्तुविनिमय' हा शब्द मी कधीच ऐकला नाही. 'ऐनजिनसी' हा शब्द कुठून आला? आणि तुमच्या घरी, गावी या व्यवहाराला काय म्हणत?

सुगंधा_क

वस्तुविनिमयच की. शब्द जुना, एवढंच.

दफ्तर_वाचक

थोडं थांबा, 'एवढंच' नाही. मोडी कागद वाचणाऱ्याला ही जोडी सतत भेटते: नक्त आणि ऐनजिनस. पेशवाईतल्या हिशेबांत कुणाला काय दिलं हे लिहिताना रोख किती आणि वस्तू किती, असे दोन भाग पाडलेले असतात. रोख ते नक्त, अरबी 'नक्द'वरून. हिंदीतलं 'नक़द' तेच. कापड, धान्य, तूप, जे काही वस्तूच्या रूपानं गेलं ते ऐनजिनस.

दोन्ही तुकडे अरबी आहेत, फारसीमार्गे आपल्याकडे आले. 'ऐन' म्हणजे डोळा, झरा, आणि 'खुद्द ती वस्तू'. आपण 'ऐन दिवाळीत', 'ऐन वेळी' म्हणतो तेव्हा हा तिसरा अर्थ वापरतो: नेमकी तीच वेळ. महसुलात 'ऐनजमा' म्हणजे मूळचा सारा आणि 'शिवायजमा' म्हणजे त्याखेरीजचं उत्पन्न. 'जिन्स' म्हणजे प्रकार, जात, वस्तू. म्हणून ऐनजिनस म्हणजे मोल नाही, पैसे नाहीत, खुद्द वस्तूच.

अरबीत 'जिन्स' ग्रीक 'गेनोस'वरून आला आणि ग्रीक 'गेनोस'चं संस्कृतातलं सख्खं भावंड म्हणजे 'जनस्', ज्या कुळात आपला 'जन' आहे. म्हणजे तुमच्या आजोबांनी वहीत लिहिलेल्या शब्दाचा उत्तरार्ध ग्रीस, अरबस्तान, इराण असा फिरून माण तालुक्यात आला, आणि इथं त्याचा दूरचा भाऊबंद आधीपासूनच होता. हे मला प्रथम कळलं तेव्हा मी तो कागद बाजूला ठेवून बराच वेळ बसून राहिलो होतो.

पुरणपोळी_पुणे

म्हणजे पाककृतीतले 'लागणारे जिन्नस' आणि हे जिनस एकच? माझी आजी दिवाळीआधी म्हणायची, "चार जिन्नस करून ठेवले की सुटले." मी तो शब्द अगदी घरचा, चुलीजवळचा समजत होते. 'ऐना'तला ऐनही हाच का?

दफ्तर_वाचक

जिन्नस तोच. 'ऐना' मात्र वेगळा, तो फारसी 'आईना'. चष्म्याला हिंदीत 'ऐनक' म्हणतात त्यात मात्र डोळा या अर्थाचा 'ऐन' आहे.

माणकाठ

दफ्तर_वाचक, मनापासून आभार. पण मग सुगंधाताईंचं उत्तर पुरेसं नाही असं मलाही वाटू लागलंय. तुम्ही सांगता त्यावरून ऐनजिनसी हा देण्याचा *प्रकार* झाला. सारा ऐनजिनसी भरता येतो, पगार ऐनजिनसी मिळू शकतो. तिथे समोरून वस्तू यायलाच हवी असं नाही. वस्तुविनिमयात दोन्हीकडून वस्तू लागते. बरोबर ना?

शब्दपीठिका

बरोबर. आणि 'विनिमय' हा शब्द पुस्तकी वाटला तरी बनावट नाही, तो फार जुन्या घराण्यातला आहे. मूळ धातू 'मे', पाणिनीच्या धातुपाठात 'मेङ् प्रणिदाने'. प्रणिदान म्हणजे अदलाबदल. त्याला 'नि' लागून 'निमय', आणखी 'वि' लागून 'विनिमय'. अमरकोशात अदलाबदलीला चार शब्द एका ओळीत दिलेत: परिदान, परीवर्त, नैमेय, निमय.

मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात (१०.९४) याच धातूचं रूप येतं: "रसा रसैर्निमातव्या न त्वेव लवणं रसैः". रसाच्या (गूळ, तूप अशा पदार्थांच्या) बदल्यात रस द्यावा, पण मीठ रसाच्या बदल्यात देऊ नये. त्याच श्लोकात पुढे तिळाच्या बदल्यात तेवढंच धान्य, असं माप आहे. कशाच्या बदल्यात काय चालेल यावर निर्बंध घालावे लागले, म्हणजे लोक हे व्यवहार भरपूर करत होते.

आता सगळ्यांना माहीत असलेला शब्द घेतो. शाळेत समास शिकलात ना? द्विगु समास: पंचवटी, नवरात्र, त्रिभुवन. 'द्विगु' म्हणजे काय? द्वि अधिक गो. दोन गाई देऊन विकत घेतलेला! व्याकरणकारांनी या समासाचा एक नमुना घेतला आणि तेच सगळ्या जातीचं नाव झालं. 'पञ्चगु' म्हणजे पाच गाई देऊन घेतलेला. ज्या समाजात हे उदाहरण समजावून सांगावं लागत नव्हतं, तिथे गाईच्या मोलानं खरेदी किती सवयीची असेल!

ऋग्वेदात तर एक ऋषी चक्क इंद्राचाच सौदा मांडतो: "क इमं दशभिर्ममेन्द्रं क्रीणाति धेनुभिः" (४.२४.१०). माझा हा इंद्र दहा गाई देऊन कोण घेतो? आणि सोमयागात सोम विकत घेण्याचा विधी आहे, त्यात घासाघीस हाच विधीचा भाग. शतपथ ब्राह्मणात गाईच्या सोळाव्या हिश्श्यापासून बोली सुरू होते. विकणारा म्हणतो, राजा सोम याहून मोलाचा आहे. मग खूर, म्हणजे आठवा हिस्सा. मग पाय, म्हणजे चौथा हिस्सा. मग अर्धी गाय. शेवटी अख्खी. चौथ्या हिश्श्याच्या त्या 'पादा'वरूनच आपला 'पाव' आला. भाजीवाल्याकडे 'पाव किलो' म्हणताना आपण गाईचा एक पाय मागत असतो.

गिरगावकर_१९६८

शब्दपीठिका यांचा सोमविक्रीचा प्रसंग वाचून मला थेट आमच्या चाळीची गॅलरी दिसली. बोहारीण!

दुपारी तीनच्या सुमाराला खालून हाक यायची. डोक्यावर भांड्यांची टोपली, खांद्याला कपड्यांचं भलं मोठं गाठोडं. आई आधीच जुने कपडे काढून ठेवायची, पण सगळे एकदम पुढे करायची नाही. आधी दोन शर्ट आणि एक विटकी साडी. बोहारीण साडी उजेडाकडे धरून आरपार बघायची, पदराला बोट लावून जर खरी की खोटी ते बघायची, शर्टाची कॉलर उलटायची. मग एक वाटी पुढे सरकवायची. आई वाटीकडे बघायचीही नाही. तिचं लक्ष पातेल्यावर. मग एक पँट बाहेर यायची. मग बाबांचा स्वेटर. "बाई, याला तर कसर लागलीय." "कुठे लागलीय, दाखव." बोहारीण गाठोडं बांधायला घ्यायची, उठायची, दोन पायऱ्या उतरायची. आई दार लावायला जायची. मग तिसऱ्या पायरीवरून "बरं, अजून एक चादर टाका". आणि पातेलं आमचं.

या सगळ्यात कुणी एकदाही रुपयाचं नाव काढायचं नाही. त्या पातेल्याला रुपयात किंमत काय, हे आईला आणि बोहारणीला दोघींनाही पक्कं माहीत असणार. पण ती काढली असती तर बोलणं तिथेच संपलं असतं. ते पातेलं अजून माझ्याकडे आहे. दूध त्यातच तापतं.

जोंधळा_बीड

आमच्याकडं 'विनिमय' पण न्हाई अन् 'ऐनजिनसी' पण न्हाई. 'दाण्यावर' म्हणायचे. "वांगी दाण्यावर घेतली", "बोरं जवारीवर घेतली". आम्ही पोरं घरातून वंजळभर जवारी पळवून गारीगार खायचो. लोखंडाचा तुकडा घावला तर गारीगार, बाईच्या डोईचे गळलेले केस साठवून ठेवले तर त्याच्यावर सुया नाहीतर फुगा.

अन् फक्त वस्तूच का धरता? कामाची पण फेड असते. सावड, इर्जिक, वारंगुळा. माझा एक बैल, तुझा एक बैल, दोघांची मिळून जोडी. दोन दिवस तुझ्या रानात, दोन दिवस माझ्या. याला वारंगुळा. इर्जिक असली तर गावातली अवतं जमायची, ज्याचं रान त्यानं सगळ्यांना जेवू घालायचं. त्याची फेड दुसऱ्याच्या इर्जिकीला जाऊन करायची. मापटं न्हाई, वही न्हाई. पण कोण आलं अन् कोण न्हाई आलं हे वीस वरसं लक्षात राहतं.

बडोदेकर

बडोद्यात चार पिढ्या काढलेल्या मराठी घरातला मी. आमच्या कानावर गुजराती 'साटुं' आणि 'साटे' पडतं. 'साटे' म्हणजे च्या बदल्यात. मराठीतलं 'साटंलोटं' त्याच घरचं: मूळ अर्थ अदलाबदल, आणि विशेष करून लग्नातली. तुमची मुलगी आमच्या घरात, आमची तुमच्या घरात. राजस्थानात याच चालीला 'आटा-साटा' म्हणतात. हुंडा वाचतो म्हणून लोक करत, पण एका घरात बिनसलं की दुसऱ्या घरातली निर्दोष पोर माहेरी पाठवली जायची. माझ्या आजीच्या बहिणीचं असंच झालं. तिनं आयुष्यात 'साटं' हा शब्द पुन्हा उच्चारला नाही.

आज मराठी वर्तमानपत्रात 'साटेलोटे' म्हणजे काय? पुढारी आणि ठेकेदार यांचं संगनमत. अदलाबदल हा साधा अर्थ गेला, उरला तो संशय.

पण एक जागा अशी आहे जिथं हा शब्द अजून मानानं बसलाय, आणि इथल्या निम्म्या लोकांनी त्यावर सही केली असेल. साठेखत. फ्लॅट घेताना करता ते. गुजरातीत 'साटाखत', मराठीत 'साटेखत' आणि 'साठेखत' दोन्ही चालतात. साठ्याशी काही संबंध नाही. साटं म्हणजे सौदा, खत म्हणजे लेख.

पुरणपोळी_पुणे

मागच्या वर्षीच साठेखत केलं! वकिलांनी तीनदा समजावलं, पण शब्द कुठला ते कुणी सांगितलं नाही. मी आपली 'साठा' धरून बसले होते. घरातलं कपाट उघडून आत्ता बघितलं, आमच्या दस्तावर 'ठ'च आहे.

वकिली_फाटा

बडोदेकरांच्या मुद्द्याला जोडून. कायद्यात पैशावाचूनच्या व्यवहाराला स्वतंत्र जागा आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ११८ मध्ये अदलाबदलीची व्याख्या आहे: दोघांनी एका वस्तूच्या मालकीच्या बदल्यात दुसऱ्या वस्तूची मालकी एकमेकांना द्यायची. दोन्हीपैकी एकही गोष्ट निव्वळ पैसा नको, किंवा दोन्ही निव्वळ पैसाच हवा. म्हणजे शंभराची नोट देऊन सुटे घेणं हीसुद्धा कायद्यानं अदलाबदल.

आणि हे जुनं झालेलं नाही. महाराष्ट्रात २०२३ पासून 'सलोखा' योजना आहे. एकाची जमीन वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या ताब्यात आणि दुसऱ्याची पहिल्याच्या, अशी भांडणं गावोगाव आहेत. किमान बारा वर्षांचा ताबा असेल तर अदलाबदल दस्त करून देतात, मुद्रांक शुल्क नाममात्र १००० रुपये आणि नोंदणी फी १००० रुपये. माझ्याकडे अशाच एका दस्तासाठी दोन चुलतभाऊ आले होते. अठरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. दस्तावर अंगठा दिल्यावर थोरल्यानं धाकट्याला विचारलं, "विहीर अजून आटती का रं?"

रमाईचा_नातू

धागा मन लावून वाचतोय. पण एक शब्द अजून कुणी काढला नाही, तो मी काढतो. बलुतं.

पाठ्यपुस्तकांत, भाषणांत बलुतेदारी म्हणजे 'गावातला वस्तुविनिमय' असं सर्रास सांगतात. सुतार नांगर द्यायचा, कुणबी धान्य द्यायचा, सगळे सुखी. माझा याला विरोध आहे. विनिमयात दोघांनाही 'नको' म्हणता येतं. गिरगावकरांच्या बोहारणीला गाठोडं उचलून पायऱ्या उतरता येत होत्या. माझ्या पणजोबांना कुठल्या पायऱ्या होत्या?

बलुतं हा सुगीला, खळ्यावर मिळणारा वाटा. थोरली, मधली, धाकटी अशा ओळी. काम मात्र वर्षभर आणि कधीही: सांगावा पोचवा, ढोर ओढा, सरकारी माणूस आला की त्याच्या पुढे पळा. कामाचं माप नाही, आणि वाटा कुणब्याच्या मर्जीवर. खळ्याच्या कडेला उभं राहून मागायचा.

बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक मांडलं. त्यात बलुत्याच्या जागी रोख रक्कम ठरवून ती साऱ्याबरोबर वसूल व्हावी अशी मागणी होती. नीट बघा: त्यांना नक्त हवं होतं. ऐनजिनसी नको होतं. पैसा मोजता येतो, मागता येतो, कमी आला तर दाद मागता येते. ओंजळीत पडलेल्या धान्याची पावती नसते. पुढे १९५८ च्या कायद्यानं ही कनिष्ठ वतनं गेली. आमच्या घरात ते वर्ष अजून सांगतात.

म्हणून पैशाविना चाललेला प्रत्येक व्यवहार गोड नव्हता, हे या धाग्यात लिहून ठेवायला हवं असं वाटलं.

जोंधळा_बीड

दादा, बरोबर हाय तुमचं. आमच्या खळ्यावर कडंला उभी राहणारी माणसं मी लहानपणी बघितलीत. माझ्या वरच्या प्रतिसादात मी फक्त आमच्या बाजूचं लिवलं.

शब्दपीठिका

रमाईचा_नातू, तुमचा मुद्दा भाषेतही दिसतो. इंग्रजीतला 'बार्टर' हा शब्द जुन्या फ्रेंच 'बाराते'वरून आला. त्याचा अर्थ घासाघीस करणं आणि फसवणं, दोन्ही. म्हणजे त्यांच्याकडे फसवणुकीच्या शब्दाचा अर्थ 'अदलाबदल' झाला, आणि आपल्याकडे अदलाबदलीच्या 'साटेलोट्या'ला लबाडीचा वास लागला. वाटा उलट्या, पण दोन्ही भाषांना तोच अनुभव आलेला.

वनउपज

फसवणुकीचं उदाहरण हवं असेल तर बस्तर घ्या. आठवडी बाजारात आदिवासी बाई चारोळी घेऊन यायची आणि चारोळीच्या वजनाइतकं मीठ घेऊन जायची. चारोळी शहरात कोणत्या भावानं विकली जाते हे तिला कधी कळलंच नाही. आज किराणा दुकानात दोन्हीचा भाव विचारून बघा. मीठ मात्र टाळता येत नव्हतं, जंगलात मीठ पिकत नाही. गडचिरोलीला कामानिमित्त सात वर्षं होतो, तिथल्या म्हाताऱ्या बायकांना चारोळी दाखवली की त्या अजूनही आधी मिठाची गोष्ट काढतात.

दफ्तर_वाचक

दोन शब्द द्यायचे राहिले होते. 'मोबदला' हा अरबी 'मुबादला', म्हणजे अदलाबदल. आज धरणात जमीन गेलेल्यांना जो मिळतो किंवा मिळत नाही, तो. आणि 'ऐवज'. अरबी 'इवज', म्हणजे एका वस्तूच्या जागी दिलेली दुसरी. 'ऐवजी' या शब्दात तो अर्थ अजून शाबूत आहे. पण नुसता 'ऐवज' आता फक्त चोरीला जातो: "चोरट्यांनी सोन्याचा ऐवज लंपास केला." बदल्यात मिळालेली वस्तू हीच मौल्यवान वस्तू ठरली.

माणकाठ, वहीत आणखी काय आहे? एक पान टंकून टाका ना. आणि तारखा बघा. धान्य त्याच दिवशी आलंय की नंतर?

माणकाठ

दफ्तर_वाचक, तुमच्या प्रश्नामुळे दोन रात्री वही घेऊन बसलो. तुमचा संशय खरा निघाला. 'बाजरी आली' ही नोंद वेगळ्या शाईत आहे. माल गेलाय श्रावणात, बाजरी आली कार्तिकात. म्हणजे हातावर अदलाबदल नव्हतीच, सुगीच्या बोलीवर उधारी होती. पुस्तकात चित्र असतं, एक माणूस कोंबडी घेऊन उभा, दुसरा धान्याचं पोतं घेऊन. तसं आमच्या दुकानात बहुतेक कधीच झालं नसावं. होतं ते नाव, आठवण आणि वही.

आणि एक गोष्ट सांगायची आहे. रमाईचा_नातू आणि वनउपज यांचं वाचल्यावर ती न सांगणं बरं दिसत नाही. ट्रंकेत दोन मापटी पण होती, दोन्ही पितळी, एकसारखी. वहीत काही नोंदींपुढे 'शि' असं अक्षर आहे. फक्त आलेल्या धान्यापुढे, गेलेल्या मालापुढे कुठेच नाही. काही केल्या उलगडा होईना, म्हणून आत्याला फोन केला. ती ८४ वर्षांची आहे, लहानपणी दुकानात बसायची.

ती म्हणाली, "शि म्हणजे शीग. धान्य घेताना शिगोशीग घ्यायचं, वर ढीग लावून. देताना मापावर हात फिरवायचा."

मी विचारलं, सगळ्यांकडून शिगेनं घ्यायचे? ती जरा वेळ गप्प झाली. मग म्हणाली, "पाटलाच्या घरचं आलं तर नाही."

काल मुलीला घेऊन स्वयंपाकघरात बसलो. एका मापट्यात बाजरी शीग लावून भरली, दुसऱ्यात हात फिरवून. दोन्ही वेगवेगळी काट्यावर ठेवली. शिगेच्या मापात जवळपास सव्वापट बाजरी भरली. मुलीनं आकडा वहीच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहून ठेवलाय.

रमाईचा_नातू

माणकाठ, तुम्ही हे लिहिलंत याबद्दल तुमचे आभार मानतो. त्या 'शि' असलेल्या नोंदींत नावं असतील तर ती इथे टाकू नका, पण जपून ठेवा. मोडीतली पानं वाचायला मदत लागली तर मी येईन, मी मोडी शिकलोय. साताऱ्यात माझं जाणं-येणं असतं.

माणकाठ

नक्की या. पुढच्या रविवारी मी गावीच आहे. वह्या आणि दोन्ही मापटी तिथेच ठेवली आहेत.